छोट्या डेस्कटॉपसाठी मिनी आयटीएक्स मदरबोर्ड घ्यावा का? (इंदूर)

अक्षरजुळणी
नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत घरीच डीटीपीचं काम करते. लग्नाच्या-मुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, कधी कुणाचा कवितासंग्रह. वीस वर्षं झाली. सध्याचा डेस्कटॉप २०१४चा आहे: चौथ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, टेबलाखाली उभा भला मोठा टॉवर. विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे आता बदलायलाच हवा.

अडचण जागेची आहे. आतली खोली सासूबाईंना दिली, त्यामुळे माझं काम जिन्याखालच्या कोपऱ्यात आलंय. टेबलाच्या वर भिंतीत लाकडी खण आहे, २५ सेंमी रुंद, ३२ सेंमी उंच, ४० सेंमी खोल. संगणक त्यात बसला पाहिजे. फरशीवर ठेवायचा नाही, पावसाळ्यात तिथे ओल येते.

दुकानदाराने मिनी आयटीएक्स, म्हणजे लहान चौकोनी आकाराचा, मदरबोर्ड सुचवलाय. एच६१० चिपसेट, एलजीए१७०० सॉकेट, डीडीआर४ रॅम, वर आय३-१२१०० प्रोसेसर. बोर्डाचे १०,२०० सांगितले. त्याच चिपसेटचा मायक्रो एटीएक्स, म्हणजे त्याहून मोठ्या आकाराचा, बोर्ड त्याच्याकडे ६,८००ला आहे. पुतण्या म्हणतो, बारका बोर्ड तापतो आणि लवकर जातो. असा बोर्ड चांगला की वाईट हे ओळखायचं कसं? गणपतीच्या स्मरणिकेचं काम जुलैत सुरू होतं, त्याआधी सगळं लागलेलं हवंय.

सेवपरमल
ताई, सिल्व्हर मॉलमध्ये निदान तीन दुकानांत भाव विचारा. एकाच मजल्यावर एकाच बोर्डाचे तीन भाव मिळतात. मागच्या दिवाळीत मी रॅमसाठी फिरलो तेव्हा ४०० रुपयांचा फरक होता, त्यात सगळ्या घराचे पोहे-जिलेबी झाले.

मुळशीचा_पाऊस
माझं स्पष्ट मत: मिनी आयटीएक्स घेऊ नका. बोर्डाचे साडेतीन हजार जास्त गेले एवढ्यावर ते थांबत नाही. लहान कॅबिनेटमध्ये नेहमीचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बसत नाही, एसएफएक्स आकाराचा लागतो आणि तो त्याच वॉटचा असून महाग पडतो. कॅबिनेट पुन्हा महाग. रॅमचे खाचे दोनच. कार्डासाठी स्लॉट एकच. उद्या काही वाढवायचं म्हटलं तर जागा नाही. मायक्रो एटीएक्स २४४ गुणिले २४४ मिमी असतो, मिनी आयटीएक्स १७० गुणिले १७०. म्हणजे तुम्ही एवढे पैसे मोजून वाचवताय ७ सेंमी.

अक्षरजुळणी
@मुळशीचा_पाऊस, पण मायक्रो एटीएक्सचं कुठलं कॅबिनेट २५ सेंमी रुंद, ३२ सेंमी उंच खणात बसेल? दुकानात जी पाहिली ती सगळी ३५ सेंमीच्या वर उंच होती.

मुळशीचा_पाऊस
आडवं निजवून?

अक्षरजुळणी
खण २५ सेंमी रुंद आहे हो. आडवं केलं तर बाहेर लटकेल.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून लिहितोय. ताईंना प्रोसेसर चिकटवूनच आलेला बोर्ड का नको? माझ्याकडे इंटेल एन१००वाला मिनी आयटीएक्स बोर्ड आहे. चार कोर, ६ वॉटचा प्रोसेसर, वर फक्त हीटसिंक, पंखाच नाही. अजिबात आवाज नाही. दीड वर्ष दिवसरात्र चालू आहे, घरच्या फोटोंचा साठा त्यावर ठेवलाय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढ्या दिवसांत मी त्याच्यासमोर १२० मिमीचा एक पंखा हळू फिरत ठेवतो, बाकी वर्षभर काही लागत नाही.

कॅपॅसिटर
@लष्करवाला भाऊ, फोटो साठवायला एन१०० उत्तम. पण ताई स्कॅनिंग करतात. ए४चं रंगीत पान ६०० डीपीआयला स्कॅन केलं की ४९६१ गुणिले ७०१६ पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर एक पान १०४ एमबी, आणि हे नुसतं उघडल्यावर. त्यावर चार थर चढवले, जुना फोटो साफ करायला घेतला की हिशेब कुठल्या कुठे जातो. एन१००ला मेमरीचा एकच चॅनल आणि इंटेलच्या कागदावर कमाल १६ जीबी. काम होईल, पण प्रत्येक फिल्टरला हात बांधून बसावं लागेल. दिवसाचे आठ तास जो त्यावर काम करतो त्याला ते नकोसं होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण पुतण्याने जे सांगितलं त्यात अर्धं खरं आहे. मी इंदूरलाच पंधरा वर्षं बोर्ड दुरुस्त करतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

बोर्ड तापतो तो मुख्यतः प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी. एसएमपीएसकडून १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला साधारण एक-सव्वा व्होल्ट लागतात. हा उतार करणारी जी मंडळी सॉकेटभोवती बसलेली असतात, मॉसफेट, चोक आणि कॅपॅसिटर, त्या सगळ्याला मिळून व्हीआरएम म्हणतात. आय३-१२१०० जोरात पळताना कमाल ८९ वॉट घेतो. १.२ व्होल्टने भागा: ७४ अँपिअर. घरातल्या गिझरच्या तारेतूनही एवढा प्रवाह जात नाही. हा प्रवाह चार वाटांनी विभागला तर प्रत्येकीवर अठरा-एकोणीस अँपिअर येतात, आठ वाटा असल्या तर नऊ. या वाटांना फेज म्हणतात. मिनी आयटीएक्सवर जागाच कमी, म्हणून स्वस्त बोर्डांवर फेज कमी असतात आणि बरेचदा मॉसफेटवर हीटसिंकही नसतो. पुतण्याचं म्हणणं इथपर्यंत खरं.

पण बोर्ड जातो तो त्याच्यावर झेपणार नाही असा प्रोसेसर बसवल्यामुळे. एच६१०च्या साध्या बोर्डावर लोक आय७ बसवतात, दिवसभर व्हिडिओ रेंडर करतात आणि मग आमच्याकडे घेऊन येतात. आय३-१२१००चा पायाभूत वापर ६० वॉट आहे. डीटीपीत तो बहुतेक वेळ वीसच्या आतच बसलेला असतो, कारण आपण विचार करत असतो आणि तो आपली वाट बघत असतो. या जोडीत मला काहीच गैर दिसत नाही.

दुकानात बोर्ड हातात घेऊन काय बघायचं तेही सांगतो. सॉकेटच्या डाव्या-वरच्या बाजूला चौकोनी करडे ठोकळे दिसतात ते चोक, ते मोजा. सहाच्या आसपास असले तर या प्रोसेसरला भरपूर. त्यांच्या शेजारच्या काळ्या चिपांवर धातूची पट्टी असली तर उत्तम. कॅपॅसिटर सगळे सपाट धातूच्या डोक्याचे, म्हणजे सॉलिड पॉलिमर असावेत. डोक्यावर फुलीची खाच असलेले, प्लास्टिकच्या वेष्टनातले जुन्या तऱ्हेचे व्हीआरएममध्ये दिसले तर तो बोर्ड परत ठेवा. त्या तऱ्हेच्या कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा बाहेरूनच ४० अंश घेऊन येतो.

सेवपरमल
कॅपॅसिटरभिया, तुम्ही हे आधी लिहिलं असतं तर मी मागच्या वर्षी चोक मोजून बोर्ड घेतला असता. मी खोक्यावरचं चित्र बघून घेतला.

बडोदेकर_दांडियाबाजार
नवं जुळवायचंच कशाला, हा माझा प्रश्न. मोठ्या कचेऱ्या भाडेपट्टा संपला की एक लिटर आकाराचे छोटे डेस्कटॉप काढून टाकतात. बडोद्यात तसे रिफर्बिश्ड सहज मिळतात, इंदूरलाही मिळत असणार. आठव्या पिढीचा आय५-८५००टी घ्या. सहा कोर, ३५ वॉट, आणि आठव्या पिढीपासून विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. शब्दकोशाच्या जाडीचा डबा, तुमच्या खणात तसे चार मावतील. आमच्या वाचनालयात असे दोन आहेत, सूचीचं काम त्यावरच चालतं.

मुळशीचा_पाऊस
हे मला पटलं. पैशाच्या दृष्टीने याहून शहाणपणाचं काही नाही.

कॅपॅसिटर
चांगले असतात, नाकारत नाही. पण त्यातला बोर्ड त्या कंपनीच्या आकाराचा असतो. उद्या बोर्ड गेला तर तसाच शोधावा लागतो, दुसरा बसत नाही. मिनी आयटीएक्सची खरी ताकद इथे आहे. व्हिया कंपनीने हा आकार २००१मध्ये काढला तेव्हा त्याची चार भोकं एटीएक्स या मोठ्या बोर्डाच्या भोकांशी जुळवून ठेवली. मिनी आयटीएक्स बोर्ड लहान डब्यात बसतो, तसा मोठ्या टॉवरमध्येही बसतो. ताईंचा बोर्ड आज खणात राहील, उद्या मोठं घर झालं तर कुठल्याही कॅबिनेटमध्ये जाईल. पाच वर्षांनी बोर्ड गेला तर त्या डब्यात तेव्हाचा नवा बोर्ड बसेल.

मुळशीचा_पाऊस
मान्य. तो मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

निवृत्त_अभियंता
चर्चा छान चालली आहे. अक्षरजुळणीताई, मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी केली, आता इंदूरला लोकमान्यनगरात असतो. कुठलंही यंत्र घेण्याआधी आम्ही त्याला काय काय जोडायचंय त्याची यादी करायचो. तुमच्या सध्याच्या संगणकाच्या मागे जाऊन बघा आणि आत जाणारी प्रत्येक तार इथे लिहा. छोट्या बोर्डावर सगळ्यात आधी पोर्ट कमी पडतात, बाकीचं नंतर.

अक्षरजुळणी
काका, लिहिते. कीबोर्ड, माऊस, स्कॅनर, लेझर प्रिंटर, रंगीत प्रिंटर, ड्रॉइंग टॅब्लेट, बाहेरची हार्ड डिस्क. मॉनिटर. इंटरनेटची तार. स्पीकर.

आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल. ते प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये लागतं, २५ पिनांचं. ते लावलं नाही तर सॉफ्टवेअर उघडतच नाही.

निवृत्त_अभियंता
हे महत्त्वाचं आहे. दुकानदाराने विचारलं होतं का?

अक्षरजुळणी
नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही. २००५ साली घेतलंय ते, तेव्हापासून मागेच लावलेलं आहे.

लष्करवाला
यूएसबीला पॅरलल पोर्टची, म्हणजे त्या रुंद पोर्टची, तार मिळते की. दोनअडीचशे रुपयांत.

कॅपॅसिटर
ती फक्त प्रिंटरसाठी. त्या तारेतून संगणकाला प्रिंटर दिसतो, खरा पोर्ट दिसत नाही. डोंगलला मात्र पोर्टच्या पिनांशी थेट बोलायचं असतं, म्हणून ते त्या तारेवर जवळजवळ कधीच चालत नाही. माझ्याकडे दोन डीटीपीवाले त्या तारा घेऊन आले होते, दोघांनाही परत पाठवलं.

आणि @बडोदेकर, तुमचा एक लिटरचा डबा इथे अडतो. त्यात सहसा कार्ड घालायला स्लॉट नसतो.

बडोदेकर_दांडियाबाजार
खरं आहे. माघार घेतो.

प्राजक्त_देवास
विषयांतर होतंय, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. डोंगलवालं सॉफ्टवेअर अजून का लागतं? आता सगळं युनिकोडमध्ये करता येतं ना? मी देवासला शाळेची पत्रिका युनिकोडमध्येच करते.

अक्षरजुळणी
नवीन काम मी युनिकोडमध्येच करते, पाच वर्षं झाली. पण मंडळाच्या २००६पासूनच्या स्मरणिका जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या काळी प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी असायची. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. दरवर्षी मंडळ म्हणतं, जुन्या अंकातला अमक्यांचा लेख पुन्हा छापा, तमक्यांच्या निधनाची आदरांजली टाका, त्यांचाच जुना लेख द्या. आमच्या पहिल्या अंकांत ज्यांनी लिहिलं त्यातली बरीच माणसं आता नाहीत. त्यांचं लिहिलेलं दुसरीकडे कुठेच नाही. ते सॉफ्टवेअर उघडलं नाही तर ते सगळं गेलं.

प्राजक्त_देवास
पीडीएफ करून ठेवा ना सगळ्या अंकांच्या.

अक्षरजुळणी
केल्या आहेत. छापायला चालतात. पण त्यातून मजकूर उचलून नव्या अंकात टाकायला गेलं की पुन्हा तोच कचरा. मूळ सॉफ्टवेअरमधून उघडून, मग रूपांतर करून, मग एकेक जोडाक्षर तपासावं लागतं. रफार आणि ऱ्ह हमखास बिघडतात.

निवृत्त_अभियंता
मग बोर्ड निवडताना हे डोंगल सगळ्यात वर धरा. जागा आणि पैसे त्याच्या खाली.

मुळशीचा_पाऊस
म्हणजे मायक्रो एटीएक्सकडे परत आलो. त्यातल्या काही बोर्डांवर अजूनही पॅरलल पोर्टचा हेडर (पिनांची रांग) असतो. एक पट्टी लावली की मागे पोर्ट येतो. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

कॅपॅसिटर
थांबा. मिनी आयटीएक्सवर एक स्लॉट असतो. तो ग्राफिक्स कार्डासाठीचा लांब एक्स१६ असतो, पण त्यात लहान एक्स१ कार्डही चालतं. पीसीआयई पॅरलल पोर्टचं कार्ड मिळतं, ते त्या स्लॉटमध्ये बसेल. ताईंना ग्राफिक्स कार्डाची गरज नाही, प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे. म्हणजे स्लॉट मोकळाच आहे.

एक मात्र बघा. प्रोसेसर आय३-१२१००च घ्या, पुढे ‘एफ’ असलेला घेऊ नका. ‘एफ’ म्हणजे ग्राफिक्स काढून टाकलेला. थोडे पैसे वाचतात म्हणून दुकानदार तो गळ्यात मारतात, मग स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड घालावं लागतं आणि डोंगलला जागा उरत नाही.

लष्करवाला
वा! हे डोक्यात आलंच नव्हतं.

निवृत्त_अभियंता
कॅपॅसिटर, कार्डावरच्या पोर्टचा पत्ता जुन्यापेक्षा वेगळा असतो ना? जुने पॅरलल पोर्ट ३७८ या पत्त्यावर असत, आणि बरीच जुनी सॉफ्टवेअर फक्त तिथेच बघत.

कॅपॅसिटर
बरोबर काका. धोका तेवढाच. काही डोंगलांच्या नव्या ड्रायव्हरमध्ये पत्ता हाताने घालायची सोय असते, काहींत नसते. ताई, बोर्ड घ्यायच्या आधी डोंगलवर बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा आणि त्याच्या निर्मात्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर विंडोज ११साठी मिळतो का ते तपासा. आणि सॉफ्टवेअर १६ बिटचं नाही ना तेही. ३२ बिटचं ६४ बिटच्या विंडोजवर चालतं, १६ बिटचं अजिबात नाही.

अक्षरजुळणी
ड्रायव्हर मिळाला. ३२ बिटचं आहे. आत्ताच रात्री साडेअकराला तपासलं, झोप येईना.

सेवपरमल
मग आता यूएसबी मोजू. तुम्ही सांगितलेत त्यात सात यूएसबीच्या वस्तू आहेत. एच६१०च्या मिनी आयटीएक्सवर मागे सहाच्या आसपास असतात. पेनड्राइव्ह धरून दोन पुढून घ्या.

बडोदेकर_दांडियाबाजार
प्रिंटर दोन्ही नेटवर्कवर टाकता येतात का बघा, दोन पोर्ट सुटतील. आणि वायफायबद्दल माझा अनुभव ऐका, पैसे वाचतील. मी गेल्या वर्षी एएमडीचा मिनी आयटीएक्स बोर्ड घेतला, वायफायशिवायचा. त्यावर वायफाय कार्डासाठी एम.२चा छोटा स्लॉट होता, म्हणून एएक्स२०१ कार्ड ऑनलाइन मागवलं. बसलं, पण दिसेना. तीन दिवस ड्रायव्हर चढवत-उतरवत होतो. मग कळलं की एएक्स२०१ फक्त इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरांबरोबर चालतं, त्याचा निम्मा मेंदू प्रोसेसरच्या बाजूला असतो. एएक्स२१० मात्र दोन्हीकडे चालतं. ते लावलं आणि पहिल्या मिनिटाला जोडलं गेलं.

मुळशीचा_पाऊस
एएमडीचं निघालंच आहे तर माझाही अनुभव. एएम५चा (एएमडीच्या नव्या सॉकेटचा) बोर्ड, डीडीआर५ रॅम. सगळं जोडून बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. दोन मिनिटं थांबलो, बंद केला. पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. असं पाचसहा वेळा करून बोर्ड मेलाय म्हणून दुकानात नेला. दुकानातल्या मुलाने बटण दाबलं आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत पडद्यावर चित्र आलं. डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅम तपासून जुळवत असतो, त्याला काही मिनिटं लागतात आणि मी दरवेळी मध्येच तोडत होतो. ताईंची रॅम डीडीआर४ आहे, त्यांना एवढं थांबावं लागणार नाही. पण पहिल्या वेळी धीर धरा.

लष्करवाला
रॅमचं एक राहिलं. काही पातळ मिनी आयटीएक्स बोर्डांवर लॅपटॉपची रॅम लागते, लहान आकाराची. तुमच्या बोर्डाला कुठली लागते ते बघून घ्या. आणि १६ची एक घेण्यापेक्षा ८च्या दोन घ्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, दोन असल्या की रस्ता दुप्पट रुंद होतो.

प्राजक्त_देवास
सध्या रॅमचे भाव बघून दोन घ्यायला जीव होत नाही.

लष्करवाला
तेही खरं. पण दोन आठ आणि एक सोळा यात फार फरक पडत नाही.

कॅपॅसिटर
मुळशीच्या भाऊंनी दोनच खाच्यांची तक्रार केली होती. दोन्ही भरले म्हणजे पुढे ३२ करताना दोन्ही काढावे लागतील हे ताईंनी लक्षात ठेवावं. तरी मीसुद्धा ८च्या दोनच सांगेन.

निवृत्त_अभियंता
आता खणाचं बघू. कॅबिनेट कुठलं धरलंय?

अक्षरजुळणी
दुकानदाराकडे कूलर मास्टरचं एनआर२०० आहे. त्याने माप दिलं: लांबी ३७.६, रुंदी १८.५, उंची २९.२ सेंमी. बसेल ना?

निवृत्त_अभियंता
रुंदीत साडेसहा सेंमी मोकळे, उंचीत तीनेक. खोलीत मात्र ४० वजा ३७.६ म्हणजे २.४ सेंमीच उरतात. तुमचं डोंगल मागे लागणार, ते स्वतःच पाच सेंमी बाहेर येईल. मॉनिटरची तार वाकायलाही चार-पाच सेंमी लागतात. तार जोरात वाकवली की पोर्टच सैल होतो. शिवाय मागून गरम हवा बाहेर पडणार, ती लाकडावर आपटून परत आत येईल.

अक्षरजुळणी
बाई गं. मग?

निवृत्त_अभियंता
खणाच्या मागे भिंत आहे की जिन्याची पोकळी?

अक्षरजुळणी
पोकळी! मागे नुसता प्लायचा तक्ता लावलाय, त्यापलीकडे जिन्याखालचा अडगळीचा भाग.

निवृत्त_अभियंता
मग सुताराला बोलवा आणि तो प्लाय काढून टाका, त्या जागी बारीक जाळी बसवा. तारा पलीकडे सोडा. हवा पुढून आत, मागून बाहेर.

सेवपरमल
जाळी नक्की लावा ताई. आमच्याकडे जिन्याखालून पाल एसएमपीएसमध्ये शिरली होती. फट् आवाज झाला आणि गल्लीतले दिवे लुकलुकले असं आई अजून सांगते.

कॅपॅसिटर
कूलर इंटेलचा खोक्यात येतो तोच ठेवा. त्याचा पंखा खाली बोर्डावर हवा मारतो, त्यामुळे सॉकेटभोवतीचे मॉसफेटही थंड राहतात. छोट्या बोर्डावर पाण्याचा कूलर लावला की प्रोसेसर गार आणि व्हीआरएम तापलेला, असं मी पाहिलंय. आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट म्हणजे पीएल२ हा आकडा ६५ वॉटवर आणून ठेवा. काही बोर्ड तो कारखान्यातूनच मोकळा सोडतात. तुमच्या कामात वेगाचा फरक जाणवणार नाही, उष्णतेचा जाणवेल.

अर्थिंगही तपासून घ्या. रामबागेतल्या जुन्या वाड्यांत भिंतीवर तीन पिनांचं विजेचं बोर्ड असतं आणि तिसरी तार कुठेच गेलेली नसते.

(तीन आठवड्यांनंतर)

अक्षरजुळणी
मंडळी, कळवायला उशीर झाला. संगणक लागला.

बोर्ड तोच घेतला, मिनी आयटीएक्स एच६१०. तीन दुकानं फिरले, ९,४००ला मिळाला. आधी चोक मोजले. दुकानातला मुलगा बघतच राहिला, मग त्यानेच दुसऱ्या एका बोर्डावरचे मोजून दाखवले. सात होते, आणि मॉसफेटवर पट्टी आहे. आय३-१२१०० ‘एफ’शिवायचा, ८च्या दोन रॅम, ५०० जीबी एसएसडी, ४५० वॉटचा एसएफएक्स एसएमपीएस. मुळशीच्या भाऊंनी सांगितलं तसंच झालं, एसएमपीएस आणि कॅबिनेट मिळून मायक्रो एटीएक्सपेक्षा बरेच जास्त गेले. पण खणात बसला आहे आणि टेबलाखाली माझे पाय मोकळे आहेत.

पॅरलल कार्डाचं सांगते. कार्ड लावलं, विंडोजला दिसलं, सॉफ्टवेअर मात्र डोंगल सापडत नाही म्हणू लागलं. काकांनी सांगितलेलं आठवलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टवर जाऊन रिसोर्सेसमध्ये पत्ता पाहिला, तो ३७८ नव्हताच. डोंगलच्या ड्रायव्हरमध्ये पत्ता घालायची जागा होती, तिथे तो टाकला, संगणक बंद करून चालू केला.

२००६चा अंक उघडला. पान ११वर आमच्या पहिल्या अध्यक्षांचा लेख आहे, गणपतीची मूर्ती बैलगाडीतून आणायचे त्या आठवणींचा. एकही अक्षर हललेलं नाही. सासूबाईंना बोलावून वाचून दाखवला, त्यांनी ती बैलगाडी पाहिलेली आहे.

निवृत्त_अभियंता
उत्तम. फार बरं वाटलं.

लष्करवाला
अभिनंदन ताई! तापमान किती राहतं?

अक्षरजुळणी
काल दुपारी खोलीत ३८ अंश होते. चाळीस पानं एका दमात स्कॅन करून साफ केली, प्रोसेसर ७१पर्यंत गेला. पीएल२ ६५वर आहे. जुना संगणक गणपती होईपर्यंत तसाच ठेवलाय, इंटरनेटची तार काढून.

मुळशीचा_पाऊस
तुमच्या कामाला मिनी आयटीएक्सच बरोबर होता. माझं मत बदललं.

कॅपॅसिटर
कार्डाची पट्टी कॅबिनेटला स्क्रूने कसली आहे ना? डोंगल जड असतं. मागून धक्का लागला तर कार्ड स्लॉटमधून उचकतं.

अक्षरजुळणी
कसली आहे. आणि डोंगलखाली फळीचा एक तुकडाही ठेवलाय, सुतारानेच दिला.